उकिरड्याच्या पोटातली निळी काच

मी उकिरडा बोलतोय. दाबा, खुशाल दाबा नाक. तुम्ही नाक दाबलं म्हणून माझं तोंड काही बंद होत नाही. आजवर गप्प राहिलो, कारण मला कोणी विचारलंच नाही. उकिरड्याला काय विचारायचं? टाकायचं आणि पाठ फिरवायची.

माणसाची एक गंमत बघा. माझ्याकडे येताना पदर नाकाला. आणि माझ्याच खतावर उगवलेली मेथीची जुडी घरात आली की तीच नाकाला लावून म्हणणार, काय वास आहे. अरे बाबा, तो वास कोणाचा आहे ते तरी विचार.

असो. मी कुठला, ते सांगतो. तापीच्या अलीकडे, नंदुरबारहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर एक गाव आहे. तिथं दगूबाईच्या परसात, गोठ्याच्या मागं माझा जन्म झाला. देशाला स्वातंत्र्य मिळालं, त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात. दगूबाई म्हणजे घरची कर्ती बाई. नवरा लवकर गेलेला, जमीन चांगली काळी, आणि जीभ अशी की मिरचीनं तिच्यापुढं हात जोडावेत.

मला खणलं बाज्यानं. बाज्या त्या घरचा सालदार. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीनं राहिलेला गडी. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदाराचं साल ठरतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. मालकानं ठेवलं तर पुन्हा तेच घर, नाही ठेवलं तर बिऱ्हाड उचलायचं. बाज्या भिल्लाचा, सातपुड्याच्या पायथ्याकडचा. गोठ्याला लागून त्याची झोपडी होती, तिथं तो आणि त्याची बायको फुलवंता राहायची.

खणताना दगूबाई कमरेवर हात ठेवून काठावर उभी होती.

"आजून खोल कर रे बाज्या."

"माय, आते पानी लागी जाई."

"लागू दे. हीर खंदानं काम वाची."

बाज्या हसला आणि आणखी खोल गेला. असा मी जन्मलो. पोटानं मोठा, तोंडानं मोठा.

मला वाटलं, मोठं घर आहे, आता रोज जेवण. कसलं काय. त्या बाईनं मला उपाशी मारलं हो.

भाजीचं देठ-साल म्हशीला जायचं. शिळी भाकर कुस्करून फोडणीला जायची, त्यातूनही उरली तर कुत्र्याला. चुलीतली राख आधी भांड्यांना, मग बियाणाच्या तुरीत कीड लागू नये म्हणून, आणि कुठं चिमूटभर राहिली तर माझ्या अंगावर, वास घालवायला. न्हाणीचं पाणी चारी काढून केळीला. पऱ्हाट्या आणि तुराट्या चुलीला. दोडका जून झाला तर त्याची जाळी पाठ घासायला. आणि लुगडं? दगूबाईचं लुगडं फाटलं की त्याचं पोराचं दुपटं व्हायचं, दुपट्याचं गोधडीत ठिगळ, गोधडी विरली की पोतेरं, आणि पोतेऱ्याचं सूत-सूत सुटलं की मग ते माझ्याकडे. तोवर त्यात खायला काय उरायचं? माझ्या जिभेवर पडलं की विरघळायचं.

मला मिळायचं ते पावसाळ्यातलं शेण, गोठ्यातला गाळ, वैरणीचा चोथा, आणि हिवाळ्यात मिरची निवडली की तिचे देठ. ते देठ पोटात गेले की मी महिनाभर आतून पेटलेला. पण तेवढ्यावर मी असं खत करायचो की चैत्रात बाज्या मूठ भरून नाकाशी न्यायचा आणि म्हणायचा, "पिकना रे तू, चांगला पिकना." माझा वास कोणी मनापासून घेतला असेल, तर तो बाज्यानं. दुसरा कोणी नाही.

एक गोष्ट मात्र दगूबाई माझ्यात कधी पडू द्यायची नाही. काच. खिळा आणि पत्राही नाही, पण काचेवर तर तिचा डोळाच असायचा. वळचणीला एक तडा गेलेलं मडकं ठेवलेलं. फुटली बांगडी, कंदिलाची काच, काहीही असो, त्यात. मडकं भरलं की त्या काचा चिखलात कालवायच्या आणि उंदरांच्या बिळात ठासायच्या. उंदीर परत त्या वाटेनं येत नाही.

तिचा मुलगा रूपचंद. त्याची बायको शोभाबाई नवी नवरी होऊन आली, तेव्हाची गोष्ट. सुपात केर आणि केरात फुटक्या बांगड्या घेऊन ती माझ्याकडे निघाली.

"हाई कोठे लई जाई ऱ्हायनी?" दगूबाईनं दारातनं विचारलं.

"उकिरडावर."

"तठे पाय ठेव बरं जरा. अनवानी."

"मी? उकिरडामा?"

"मंग कोन, मन्ही सासू? ती तं मरी गयी."

शोभाबाई गोंधळून उभी. मग दगूबाई तिच्या हातातलं सूप घेत म्हणाली, "देख पोरी. जठे तुन्हा पाय पडस नही, तठे बाज्याना पडस. बांगड्या मडकामा टाक."

शोभाबाई शहाणी होती. पुन्हा कधी चुकली नाही. तुम्हाला वाटलं असेल, आता नवी सून सगळं बिघडवणार. नाही बिघडवलं तिनं. सुनेवर ढकलायची सवय सोडा.

दगूबाई थट्टेखोर होती, ते मी सांगितलं का? माझ्यामुळं तिची फार करमणूक व्हायची. घरात कोणी काही लपवलं की ते माझ्याकडे येतं, आणि माझ्याकडे आलेलं कोंबड्या उकरून काढतात. एकदा शोभाबाईच्या हातून नवं मडकं फुटलं. तिनं खापऱ्या माझ्यात पुरल्या, वर शेण टाकलं. संध्याकाळपर्यंत कोंबड्यांनी सगळ्या खापऱ्या अंगणभर पसरल्या. दगूबाईनं एक खापरी उचलली, उलटीपालटी केली आणि म्हणाली, "शोभा, उकिरडा बाळंत व्हयना वाटस. मडकं व्हयनं. बारसं कव्हय करसूत?"

सगळं घर हसलं. शोभाबाईही हसली. बाज्या तर पाटी खाली ठेवून हसला. मीही हसलो, पण माझं हसू म्हणजे थोडी वाफ, ती कोणाला दिसत नाही.

पण तिच्या थट्टेचा मोठा वाटा यायचा तो रूपचंदच्या वाट्याला. रूपचंद तिशी ओलांडायच्या आतच डोक्यावरून उजाड व्हायला लागला. दगूबाईला आयतं मिळालं. तो जेवायला बसून टोपी काढायला लागला की ती म्हणायची, "टोपी काढू नको रे. कोंबडी अंडं समजीसन वर बठी जाई." घरात म्हटली, मग विहिरीवर म्हटली. विहिरीवरून ती थट्टा गावभर गेली. पारावर पोरं रूपचंदला बघून कोंबडीसारखी ओरडायला लागली. तो वरून हसायचा. आतून काय व्हायचं, ते फक्त मला माहीत, कारण पुढचं सगळं माझ्यापाशी घडलं.

त्या हिवाळ्यात रूपचंद मिरची घेऊन नंदुरबारला गेला आणि येताना धोतराच्या सोग्यात लपवून एक बाटली घेऊन आला. निळ्या काचेची. वर कागदावर एका बाईचं चित्र, तिचे केस कमरेखाली लोळतायत. केस उगवायचं तेल. बाटली त्यानं कडब्याच्या गंजीत खुपसली. दुपारी सगळे लवंडले की गोठ्यात यायचा, टोपी काढून टाळूवर तेल चोळायचा. तेलाला केवड्यासारखा वास. म्हैस बिचारी मान लांब करून त्याचं डोकं हुंगायची. मी काठावरून बघत होतो. एक संपली, त्यानं दुसरी आणली. दुसरी संपली, तरी डोकं होतं तसंच.

आता बघा. रिकामी बाटली दगूबाईच्या हातात पडली असती तर तिनं धुऊन त्यात घासलेट भरलं असतं. बाटली म्हणजे त्या काळी मोलाची वस्तू, कोणी टाकायचं नाही. पण रूपचंदला तीच भीती. बाटलीवर ती बाई, बाटलीला तो वास. माय ओळखणार, आणि मग गावभर काय होणार. मडक्यात टाकावी तर मडकं मायच्या नजरेखाली. विहिरीत टाकावी तर तरंगेल. मग राहिलो कोण? मी.

ऐन उन्हाळ्यात, गाव दुपारी झोपलेलं असताना तो आला. बाटल्या एका फडक्यात गुंडाळल्या, दगडानं ठेचल्या. अख्ख्या टाकल्या असत्या तर बाज्याच्या फावड्याला लागून खण्ण वाजल्या असत्या आणि कोणाचं काही बिघडलं नसतं. पण ओळखू येऊ नयेत म्हणून ठेचल्या. मग दांडक्यानं माझ्या पोटात खोल भोक पाडलं आणि ते तुकडे आत ओतले. कोंबड्या पोहोचणार नाहीत इतके खोल. वर शेण लोटलं, पायानं दाबलं. त्याच्या पायात कोरी करकरीत वहाण होती.

माझ्या पोटात पहिल्यांदा काच गेली. आम्ही सगळं पचवतो हो. मेलेलं कोंबडीचं पिल्लू पचवतो, सडकं कापड पचवतो, मिरचीचे देठसुद्धा. काच नाही पचत. शंभर वर्षं ठेवा, बाहेर काढाल तेव्हा धार तीच.

आखाजी जवळ आली. खत उपसून शेतात न्यायचं, मग आखाजीला साल संपणार आणि नवं ठरणार. बाज्या गाडी घेऊन आला. फुलवंता काठावर पाटी घेऊन उभी. तो नेहमीसारखा माझ्यात उतरला, अनवाणी. त्याचे पाय मला ओळखीचे. टाच भेगाळलेली, बोटं रुंद, जमिनीला धरून चालणारी. मी वरून थंड असलो तरी आतून गरम असतो, तो म्हणायचा, "आंग शेकस मन्हं."

मला ओरडता आलं असतं तर. पण उकिरडा काय ओरडणार? मी नुसतीच वाफ सोडत होतो.

त्यानं फावडं मारलं, पाय रोवला आणि थांबला. पाय वर उचलला. बोटांच्या मधून आरपार गेलेली निळी काच, आणि माझ्या काळ्या खतावर त्याचं रक्त.

"काय व्हयनं?" फुलवंतानं विचारलं.

"काही नही. काटा शे वाटस."

त्यानं तो तुकडा ओढून काढला, बघितला आणि बाजूला ठेवला. मग पुन्हा खत भरायला लागला. हो, तसंच. गाडी भरायची होती ना. पायाला हळद-चुना लावला आणि वर चिंधी. माझ्या पोटातलं काय काय त्या जखमेत गेलं, ते माझं मला माहीत. पाय सुजला. मांडीपर्यंत चढला. ताप आला. रूपचंद म्हणाला, उतरेल. शोभाबाई म्हणाली, नंदुरबारला न्या. तोवर बोटं काळी पडली होती. मग गाडी जुंपली. दवाखान्यात डॉक्टरांनी पाय वाचवला, बोटं काढावी लागली. बाज्या परत आला तो काठी टेकत.

आता दगूबाईचं ऐका. बाज्याला नंदुरबारला नेलं त्या दिवशी ती गव्हाची चाळण घेऊन माझ्यापाशी येऊन बसली. खत मुठीमुठीनं चाळायला लागली. "मन्हा उकिरडामा काच उनी कोठून?" असं एकटीच पुटपुटत होती. उन्हात बसून, पदर डोक्यावर ओढून तिनं हाताला लागलं तेवढं चाळलं. काचा निघाल्या. आणि शेवटी बाटलीची मान निघाली. बूच तसंच लावलेलं, मानेखाली कागदाचा तुकडा, त्यावर त्या बाईचं तोंड आणि केस.

बाज्याची बोटं काढल्याची खबर घेऊन रूपचंद गाडीनं परत आला आणि बैल सोडून पाणी प्यायला गोठ्याकडे आला, तशी ती त्याच्यापुढं उभी राहिली. बाटलीची मान त्याच्या डोळ्यांपुढं धरली.

"हाई कोन शे रे, केसवाली?"

माझी खात्री होती, पुढं थट्टा येणार. तिच्या ओठांवर आलीही होती. रूपचंदनं डोक्यावरची टोपी नीट केली. दगूबाईनं त्या टोपीकडे बघितलं. मग बाज्याच्या रिकाम्या झोपडीकडे. आणि तिचं हसू तिथंच गळून पडलं.

"तुन्हा केसस्नापायी बाज्यानी बोटं गयात," ती हळू म्हणाली.

"माय, कोनले सांगशी नको."

"त्याले ठेवशी ना आखाजीले?"

"औत धराले पाय लागस, माय. खापर गावना चैत्या शे, तरना गडी. त्याले सांगी दिन्हं मी."

"ठेव त्याले. नही तं मी पारवर जाईसन सांगसू."

सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते दोघांनाही ठाऊक होतं. गावातल्या मोठ्या माणसांनी रूपचंदला बसवून म्हटलं असतं, तुझ्या काचेनं गडी लंगडा झाला, आता तो तुझ्याच दारात राहणार, औत धरो न धरो. बाज्याचं साल एका वाक्यावर टांगलं होतं, आणि ते वाक्य दगूबाईच्या तोंडात होतं.

रूपचंद खाली बसला. "सांग. पोरं आज कोंबडीसारखी कोकलतस. उद्या गावनं धाकलं पोर बी हसी. तूच शिकाडं गावले. आते हाई बी शिकाड."

दगूबाई उभीच राहिली. मग ती बाटलीची मान पदराखाली घेऊन घरात गेली. ती कुठं ठेवली, मला माहीत नाही. माझ्याकडे परत आली नाही, मडक्यातही नाही.

आखाजी आली. पुरणाच्या पोळ्या, आंब्याचा रस. पोरी झोके घेत होत्या, त्यांची गाणी माझ्यापर्यंत येत होती. सालदार जेवतो मागल्या ओसरीवर, त्यामुळं मला सगळं दिसत होतं. बाज्या काठी बाजूला ठेवून ताटावर बसला. फुलवंता त्याच्या मागं, भिंतीला टेकून. दगूबाई स्वतः वाढायला आली. एरवी शोभाबाई वाढायची.

रूपचंद आला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"बाज्या, सालनं काय करसूत?"

"आप्पा, औत नही व्हवाव यंदा," बाज्या म्हणाला. "पन गोठा देखसू. ढोरं पानीवर लई जासू. खत चाळसू. बठीसन व्हई ते समदं करसू. पुढला साल पाय बसी जाई."

"निसता गोठासाठे सालभर गडी कोन ठेवस रे?"

बाज्यानं घास खाली ठेवला. "आप्पा, एक विचारू? उकिरडामा काच उनी कशी? माय तं पडू देस नही."

मग रूपचंद म्हणाला, "कोंबड्यासनी आनी व्हई कोठून तरी."

एवढी वर्षं मी कोंबड्यांच्या पायाखाली काढली. कोंबडी चोचीत बाटली धरून आणते, हे त्या दिवशी कळलं.

बाज्यालाही ते पटलं नाही. त्यानं वर बघितलं, दगूबाईकडे. "माय?"

एवढंच म्हणाला. बाकी सगळं त्या एका शब्दात होतं. मी काठापर्यंत फुगून वाट बघत होतो. बोल बाई. गावात कोणाला सोडलं नाहीस तू. नवरीला नाही, तलाठ्याला नाही, स्वतःच्या मेलेल्या सासूला नाही. आज बोल.

दगूबाईनं तुपाचं भांडं वाकवलं.

"तूप लागस का आखो?" ती म्हणाली.

धार पडत राहिली. पोळी तुपात बुडाली, रस तुपात बुडाला, तरी ती हात सरळ करेना. शेवटी बाज्यानंच ताटावर हात आडवा धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चैत्या आला. डोक्यावर गाठोडं, मागं नवी बायको, पोरगीच म्हणा. ती दोघं बाभळीखाली थांबली, झोपडी रिकामी व्हायची वाट बघत. बाज्यानं भांडीकुंडी बांधली. फुलवंतानं झोपडी झाडली. अगदी कोपरा न् कोपरा. तुम्ही कधी दुसऱ्याला द्यायचं घर असं झाडलंय का? केर सुपात घेऊन ती माझ्याकडे आली.

पण टाकला नाही. काठावर बसली आणि बोटांनी केर चाळायला लागली. राख, कांद्याची सालं, भुसा. त्यातून तिनं फुटक्या बांगडीचा तुकडा वेचला. मग आणखी एक. मग एक गंजका खिळा. सगळं पदराच्या टोकात घेऊन गाठ मारली. मग उरलेलं माझ्यात सोडलं.

दगूबाई मागल्या दारात उभी होती. तिचा आवाज त्या दिवशी बारीक लागला.

"ऱ्हाऊ दे ना फुलवंता. आते तुन्हं काय जाई ऱ्हायनं?"

फुलवंतानं मान वर केली नाही. "मन्हं काही जास नही माय. ती पोरगी नवी शे. अनवानी चालस."

दगूबाईचं तोंड उघडलं. मी बघितलं, उघडलं होतं. मग मिटलं. बाज्या आणि फुलवंता तापीच्या वाटेला लागली. तो काठी टाकायचा, मग पाय, मग थांबायचा. ती त्याच्या पावलानं चालत होती, आणि तिच्या पदराच्या गाठीत आमच्या गावची काच होती.

त्यानंतर दगूबाईनं रूपचंदच्या डोक्याची थट्टा केली नाही. कोणाचीच केली नाही. गाव म्हणालं, म्हातारी वयानं निवळली. ती गेली त्यालाही आता वर्षं झाली. वळचणीचं मडकं तिच्यामागं कोणी उचललं नाही, ते पावसात विरघळलं. शोभाबाई म्हणते, ठेवा हो एखादं मडकं, पण तिचं ऐकतो कोण?

आणि मी आता उपाशी नाही. फार पोट भरलंय माझं. दाढीची पाती येतात. बॅटरीचे मेलेले सेल येतात. कपाशीवर फवारायच्या औषधाचे डबे येतात, त्यांच्या वासानं माझ्यातले किडे मरतात आणि किडे मेले की मी कशानं पिकणार? अख्ख्या भाकरी येतात हो, अख्ख्या. दगूबाई असती तर टाकणाऱ्याच्या ताटात परत ठेवली असती. शेतात आता गोणीतलं पांढरं खत जातं. रूपचंद पारावर सांगतो, उकिरड्याचं खत नको, गड्यांच्या पायाला लागतं. तोंडावरची रेघही न हलवता सांगतो.

कालपासून एक बोलणं कानावर येतंय. मला बुजवणार. वर पत्र्याची खोली बांधणार, गोण्या ठेवायला. बुजवा. माझी काही तक्रार नाही. ज्याला खायला मिळतं पण पचवता येत नाही, त्यानं जगून तरी काय करायचं?

पण एक मागणं आहे. मला बुजवायला आधी वरचा गाळ उपसतील. त्यासाठी चैत्या उतरेल आणि त्याच्यासोबत दोन-चार गडी उतरतील, सगळे अनवाणी. त्या दिवशी दगूबाईच्या चाळणीत सगळे तुकडे काही आले नव्हते. खाली, अगदी तळाला, निळे तुकडे अजून आहेत. आणि त्यांच्या वर आता किती काय काय आहे.

कोणी तरी त्यांना सांगा, पायात काही घालून उतरा म्हणावं. मला सांगता येत नाही. आणि ज्याला सगळं माहीत आहे, तो ओट्यावर टोपी घालून सुपारी कातरत बसलाय.